अजिंठ्याच्या रंगांची राखण

अजिंठ्याची चित्रे कोरड्या भिंतीवर काढलेली आहेत. युरोपातल्या सवयीने त्यांना शंभर वर्षे ‘फ्रेस्को’ म्हटले गेले. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग भरतात आणि चुना सुकताना रंग त्याच्यात कायमचा बसतो. अजिंठ्यात तसे होत नाही. वाघूर नदीच्या वळणावरचा काळा कातळ छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवलेला आहे. त्यावर लोहयुक्त माती, दगडाची कच, भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवून केलेला गिलावा आहे आणि गिलाव्यावर चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पातळ हात आहे. तो सुकल्यावर डिंक-सरसात खललेले रंग लावले गेले. गेरू, पिवळी माती आणि काजळी आसपासचीच. हिरवा रंगही याच डोंगराच्या दगडातून निघालेला. दूरवरून आला तो फक्त निळा, अफगाणिस्तानातल्या खाणींतला लाजवर्द.

पुढचा सगळा इतिहास या कृतीतूनच निघतो. गिलाव्यातले तूस आणि तंतू किड्यांचे खाद्य, रंगातला सरस कसरीचे. माती दमट हवेत ओल पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि प्रत्येक फेरीला कातळापासून थोडी सुटते. ओले बोट फिरवले तरी रंग उठतो. अशा चित्राला हात लावून दुरुस्त करणे जवळजवळ नेहमीच धोक्याचे असते. जे करायचे ते त्याच्या भोवतालच्या हवेत, पाण्यात, उजेडात आणि माणसांच्या वावरात करावे लागते. संवर्धनाच्या शास्त्रात याला आज प्रतिबंधक संवर्धन म्हणतात आणि संग्रहालयांत त्याचे अभ्यासक्रमही चालतात. अजिंठ्यात ही समज यायला दीडशे वर्षे लागली आणि चित्रांचे बरेचसे नुकसान त्याच काळात झाले, तेही पुष्कळदा त्यांच्यावर जीव असलेल्या माणसांकडून.

त्याआधी मात्र लेणी एकटीच होती. खोदकाम दोन काळांत झाले. नववे व दहावे ही चैत्यगृहे आणि शेजारचे काही विहार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले आहेत. मोठा आणि चित्रांनी भरलेला भाग पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळचा. हरिषेणानंतर काम थांबले, अनेक लेणी अर्धवट राहिली, भिक्षू हळूहळू निघून गेले. दरीत रान माजले. दारांतून गाळ, दगड आणि पालापाचोळा आत साचत गेला. चित्रे टिकली ती बऱ्याच अंशी या दुर्लक्षामुळे. गाळाने खालचा भाग खाल्ला, वटवाघळांनी छत काळे केले, आश्रयाला आलेल्या गोसाव्यांच्या आणि गुराख्यांच्या चुलींनी भिंतींवर धूर बसवला. तरी अंधार होता, वर्दळ नव्हती आणि ऋतू आपल्या ठरल्या गतीने बदलत होते.

१८०३ मध्ये असईच्या लढाईनंतर इंग्रज सेनानी वेलस्लीच्या फौजेतल्या जखमींना अजिंठा गावात ठेवले होते. लेणी तिथून काही मैलांवर असूनही त्यांचा बोभाटा झाला नाही. तो झाला एप्रिल १८१९ मध्ये. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठी दरीत आला होता. त्याने दहाव्या लेण्यात एका खांबावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. आज ती अक्षरे माणसाच्या डोक्यापेक्षा उंच दिसतात, कारण तो उभा होता तिथे तेव्हा पुरुषभर राडारोडा साचलेला होता. आधुनिक काळातल्या पहिल्या पाहुण्याने पहिले काम केले ते चित्रावर ओरखडा काढण्याचे. हा योगायोग अजिंठ्याच्या पुढच्या कहाणीशी फारच जुळतो.

लोक येऊ लागले. मुंबईच्या विद्वानांपैकी डॉ. बर्ड यांनी भिंतीवरच्या काही आकृत्या सोलून न्यायचा प्रयत्न केला. मातीचा गिलावा तो, त्याचा चुरा झाला. इतरांनी तुकडे काढून नेले. सोळाव्या लेण्यातला एक तुकडा आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. जेम्स फर्ग्युसन १८३९ मध्ये अजिंठ्याला आला. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे १८४३ मध्ये वाचलेल्या निबंधात त्याने ही चित्रे झपाट्याने नष्ट होत असल्याचे सांगितले आणि ईस्ट इंडिया कंपनीला त्यांच्या नकला करून घ्यायला भाग पाडले.

त्या काळात जतन म्हणजे नक्कल, असाच समज होता. मूळ चित्र जाणारच, तर निदान त्याची प्रत लंडनला असावी. १८४४ मध्ये मद्रासच्या सैन्यातला रॉबर्ट गिल या कामावर नेमला गेला आणि आयुष्याची उरलेली वर्षे त्याने या परिसरातच काढली. राडारोडा उपसणे, भिंती साफ करणे आणि मूळ आकाराचे कॅनव्हास रंगवणे हा त्याचा दिनक्रम होता. छायाचित्रणाचे साधन आल्यावर त्याने लेण्यांची छायाचित्रेही काढली. त्याचे कॅनव्हास लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले होते. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतले बहुतेक जळाले, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच वाचले.

मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह आले. पेस्तनजी बोमनजी त्यांत होते. १८७२ ते १८८५ या काळात सुमारे ३०० कॅनव्हास तयार झाले. तेही लंडनला गेले आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतले शंभराहून अधिक गेले. पुढे जपानी चित्रकारांनी केलेल्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. मातीच्या भिंतीवरची मूळ चित्रे पंधराशे वर्षे टिकली आणि सुरक्षित ठिकाणी ठेवलेल्या तिन्ही संचांतल्या कितीतरी प्रती शंभर वर्षेही टिकल्या नाहीत. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या कामातली १६६ चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शिल्लक आहेत. मूळ भिंतीवरचा जो भाग नंतर गळून पडला, त्याच्यासाठी आज हाच पुरावा आहे.

या नकलांची किंमत मूळ चित्रांनी मोजली. अंधारात, धुराच्या थराखाली रंग नीट दिसत नसत. म्हणून ग्रिफिथ्सच्या मंडळींनी भिंतीवर व्हार्निश चढवले. व्हार्निश लावताच रंग ओले असल्यासारखे उजळतात आणि बारकावे उठून दिसतात. काही वर्षांनी तोच थर पिवळा, मग तपकिरी होतो, त्यावर धूळ चिकटून बसते आणि खालचा गिलावा ओल बाहेर टाकू शकत नाही. चित्रकाराला एका हंगामात काम उरकायचे होते, भिंतीला मात्र पुढची अनेक शतके काढायची होती. तरी ग्रिफिथ्सवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. या चित्रांवर १८९६-९७ मध्ये निघालेले त्याचे दोन खंड नसते तर अजिंठ्याकडे सरकारचे आणि विद्वानांचे लक्ष इतक्या लवकर वळले नसते. दारे-खिडक्यांना जाळ्या बसवून वटवाघळे बाहेर ठेवावीत, हा साधा उपायही याच काळात पुढे आला. आजच्या अर्थाने तो अजिंठ्यातला पहिला प्रतिबंधक उपाय म्हणता येईल.

१९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि व्यंकटप्पा या तरुण चित्रकारांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांच्या प्रती १९१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि अजिंठा भारतीय चित्रकलेच्या नव्या चळवळीचे आराध्य ठरले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानासाठी प्रतिकृती करवल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक काढले. मूळ भिंतीची जबाबदारी मात्र वेगळ्याच दरबाराकडे होती. अजिंठा निजामाच्या हद्दीत येत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ चा प्राचीन वास्तूंचा कायदा लागू झाला, तो हैदराबाद संस्थानाला लागू नव्हता. १९१४ मध्ये संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले.

याझदानींनी इटलीतून तज्ज्ञ बोलावले. लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळात दोन हंगाम काम केले. इटलीतल्या चर्चची भित्तिचित्रे दुरुस्त करण्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता आणि कामाचा पहिला भाग खरोखरच उत्तम झाला. कातळापासून सुटलेला गिलावा त्यांनी पोकळीत पातळ चिकट मिश्रण सोडून पुन्हा बसवला. तुटलेल्या कडा बांधून घेतल्या, त्यामुळे गळती थांबली. आज उभे असलेले कितीतरी चौरस फूट चित्र त्या दोन हिवाळ्यांमुळे उभे आहे. दुसऱ्या भागात मात्र त्यांनी चित्रांवर चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, आवरण दिले. सुतार लाकडावर पॉलिश मारतो त्याच जातीचा हा पदार्थ. हवा कोरडी असेल तर तो बराच काळ तग धरतो. सह्याद्रीच्या पोटातल्या दमट विहारात तो काही दशकांत गडद झाला, त्याखाली आधीची काजळी आणि वटवाघळांची घाण कोंडली गेली आणि पृष्ठभाग पापुद्रे होऊन सुटू लागला. जुन्या व्हार्निशवर चपडा, चपड्यावर धूळ, असे थर साचत गेले.

चुकीचा पदार्थ लावला, एवढ्यावर हा दोष संपत नाही. त्या काळी जगभर चित्रसंवर्धनाची कल्पनाच अशी होती की वस्तू कमकुवत आहे, तिला वरून बळ द्यावे. लावलेले आवरण पुढे काढता येईल का, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारत नसे. आज तो पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर पदार्थ कितीही चांगला असो, लावत नाहीत. हा नियम ज्या उदाहरणांमधून शिकला गेला, त्यांत अजिंठ्याचेही नाव घ्यावे लागते.

याझदानींची खरी कामगिरी कमी बोलल्या गेलेल्या कामांत आहे. लेणी मुळात एकमेकांना जोडलेली नव्हती. प्रत्येक विहारातून नदीकडे उतरणारा स्वतंत्र जिना होता आणि बहुतेक जिने कोसळले होते. संस्थानाच्या खात्याने कड्यालगत वाट बांधली, ढासळलेले खांब उभे केले आणि कायम देखरेखीसाठी माणूस नेमला. सय्यद अहमद हे चित्रकार अजिंठ्याचे क्यूरेटर म्हणून अनेक वर्षे तिथेच होते. रोज त्याच भिंतीकडे पाहणारा, कालची भेग आज किती वाढली हे ओळखणारा माणूस जागेवर असणे ही कोणत्याही रसायनापेक्षा मोठी गोष्ट होती. त्यांनी आणि महंमद जलालुद्दीन यांनी केलेल्या नकला हैदराबादच्या संग्रहालयात गेल्या. याझदानींचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. त्यातली छायाचित्रे आज एखाद्या आजाऱ्याच्या जुन्या केसपेपरसारखी वापरली जातात, कारण १९३० नंतर भिंतीवरून काय गेले ते त्यांच्याशी ताडून कळते.

तिकडे ब्रिटिश हिंदुस्थानात पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९१७ मध्ये कलकत्त्यात रसायनशाखा सुरू केली आणि महंमद सनाउल्ला हे तिचे पहिले रसायनतज्ज्ञ झाले. पुढे ही शाखा डेहराडूनला हलली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५१ च्या कायद्याने अजिंठा राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक ठरले आणि १९५३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ताबा घेतला. रसायनशाखेचे पहिले मोठे काम होते आधीच्या लोकांनी लावलेले काढणे. योग्य द्रावकाने चपडा मऊ करायचा आणि कापसाच्या बोळ्याने उचलायचा, तेही खालचा सरसाचा रंग हलू न देता. बोटभर जागेला तासन्‌तास लागतात. नव्या काळाचाही एक मोह होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर कृत्रिम राळ सर्वांना चमत्कार वाटत होती आणि अजिंठ्यातही पॉलिव्हिनिल ॲसिटेटचे आवरण वापरले गेले. त्याच्याबाबतही पुढे जुनीच तक्रार निघाली, की त्यातून भिंतीला श्वास घेता येत नाही. या शतकाच्या आरंभी राजदेव सिंह यांच्या देखरेखीखाली नवव्या आणि दहाव्या लेण्यांत सफाई झाली. काजळी व लाखेच्या थराखालून इसवी सनापूर्वीची चित्रे वर आली. भारतात उरलेल्या ऐतिहासिक काळातल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ती आहेत.

सफाईच्या याच दशकांत लक्ष भिंतीवरून वर, माथ्याकडे गेले. अजिंठ्याचा कडा लाव्हाच्या थरांचा आहे आणि थरांच्या सांध्यांतून पाणी वाट काढते. लेण्यांच्या डोक्यावर लेणापूरच्या बाजूचे पठार आहे. पावसाळ्यात तिथले पाणी भेगांतून झिरपून छतावर उतरते आणि कड्यावरून कोसळणारे पाणी ओसरीत उडते. भिंतीच्या आत बसून हे थांबवता येत नाही. पठारावर चर खणून पाणी बाजूला वळवणे, भेगा बुजवणे, कपारींत वाढलेली झाडे मुळांसकट काढणे, पागोळीची धार चित्रांपासून दूर पडेल अशी व्यवस्था करणे, ही कामे गवंड्याची आणि बिगाऱ्याची आहेत. छायाचित्रात ती दिसत नाहीत आणि दर पावसाळ्याआधी नव्याने करावी लागतात. एखादे वर्ष राहून गेली तर परिणाम दोन-तीन वर्षांनी आत, एखाद्या जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेच्या, प्रसंगात पांढरट डाग होऊन दिसतो.

प्राण्यांचा बंदोबस्त त्याहून चिवट. वटवाघळांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि ती रंग खाते. जाळ्या लावल्या तर वटवाघळे थांबतात, पण जाळी बारीक असेल तर वारा कोंडतो आणि आतली ओल वाढते. कड्यावर आग्या मोहोळे लागतात, त्यामुळे कधी कधी पर्यटकांचीच पळापळ होते. मोठे नुकसान नजरेआड राहणारे किडे करतात. गिलाव्यातले तूस आणि गवत पोखरून ते आत पोकळी करतात, वरून चित्र शाबूत दिसते आणि एक दिवस ढपला पडतो. राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे दाखवले. वेरूळला किड्यांचा त्रास कमी आहे आणि अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग सापडलेली नाही. वेरूळच्या कारागिरांनी अनुभवातून हा बदल केला असावा, असे मानायला जागा आहे. तसे असेल तर प्रतिबंधक संवर्धनाचा आरंभ रसायनशाखेच्या बाराशे-तेराशे वर्षे आधी, गिलावा कालवणाऱ्या हातांपाशी न्यावा लागेल.

उजेडाची गोष्ट वेगळीच आहे. विहारांत दाराजवळचा भाग सोडला तर दिवसाही अंधार असतो. पूर्वी वाटाडे बाहेर उन्हात पत्रा किंवा आरसा धरून प्रकाश आत फेकत आणि पाहुणे मशाली, मेणबत्त्या, गॅसबत्त्या घेऊन फिरत. मशालीने काजळी आणली. पुढे विजेचे दिवे आले. ठरावीक लेण्यांसाठी दिव्यांचे वेगळे तिकीट असे आणि मंडळी जमली की कर्मचारी दिवा फिरवून एकेक प्रसंग दाखवी. प्रखर दिवा गिलावा तापवतो आणि तिथल्या तिथे ओलीचे गणित बदलतो. नंतर पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांत उष्णता न देणारी ऑप्टिकल फायबरची योजना झाली, पुढे एलईडी आले. फ्लॅशला बंदी आली. मंद उजेडात छायाचित्रण होत नाही हा समज बिनॉय बहल यांनी १९९१ पासून काढलेल्या छायाचित्रांनी खोडला. अगदी कमी प्रकाशात दीर्घ वेळ कॅमेरा उघडा ठेवून त्यांनी टिपलेले रंग आधीच्या कोणत्याही प्रकाशझोतात दिसले नव्हते.

१९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेल्यावर गर्दी वाढली आणि माणूस हाच मोठा घटक ठरला. वर्षाला काही लाख माणसे येतात. त्यांच्या श्वासातली वाफ, अंगाची ऊब, चपलांची धूळ आणि कपड्यांचे सुटे तंतू बंद विहारात साचतात. पावसाळ्यात ओलसर छत्र्या घेऊन पर्यटक आत शिरतात तेव्हा हवा आधीच पाण्याने जड झालेली असते. त्यामुळे चित्रांच्या लेण्यांत एका वेळी चाळीस माणसांची मर्यादा आली, चपला बाहेर काढायला लावतात आणि सोमवारी लेणी बंद असतात. जपानी कर्जाच्या मदतीने १९९२ पासून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प सुरू झाला, त्याचा दुसरा टप्पा २००३ चा. त्यातून झाडे लावली गेली आणि खाजगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर, सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे एसटीच्या बस ठेवल्या गेल्या. धुराचे लोट आणि दुकानांची रांग लेण्यांच्या पायथ्यापासून हटली. दुकानदारांनी विरोध केला आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती, पण कड्याखालच्या हवेला फरक पडला. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रित झाले. अजिंठ्याच्या अरुंद दरीत हा नियम डोंगरमाथ्यालाही लागतो.

गर्दीचे उत्तर म्हणून पुन्हा नक्कल आली. २०१३ मध्ये तिठ्याजवळ पर्यटक केंद्र सुरू झाले आणि त्यात चार प्रमुख लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती उभ्या राहिल्या. लोकांनी तिथे निवांत पाहावे आणि मूळ लेण्यात थोडाच वेळ काढावा, असा हिशेब होता. गिलच्या काळी मूळ चित्र जाणार म्हणून नक्कल केली जाई, इथे मूळ चित्र राहावे म्हणून केली. कल्पना चांगली होती, पण पाणी आणि विजेच्या थकलेल्या बिलांपायी केंद्र पुढे दीर्घकाळ बंद पडले आणि सगळी गर्दी थेट दरीतच येत राहिली.

लेण्यांतल्या तापमानाच्या आणि ओलीच्या नोंदी आता उपकरणे घेतात. हलणाऱ्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती तडकते का ते पाहण्याची जुनी रीतही अशा वास्तूंत वापरात आहे. नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट होते. ओल जास्त असण्यापेक्षा ती वारंवार आणि वेगाने वर-खाली होणे गिलाव्याला अधिक मारक असते. म्हणून दरवाजे कधी उघडायचे, कोणत्या महिन्यात किती माणसे सोडायची आणि सफाईचे काम कोणत्या हंगामात काढायचे, हे आता पाऊस आणि ऊन पाहून ठरवता येते. चित्रांवर द्रावक आणि कापूस घेऊन बसण्याचे काम कोरड्या महिन्यांपुरते ठेवतात, तर पठारावरच्या चरांची डागडुजी पावसाआधी संपवावी लागते.